कलकत्त्याची वीज

एखाद्या देशाची वीज कोणकोणत्या स्रोतांपासून निर्माण होते हे सांगण्याची रूढ पद्धत म्हणजे कोष्टक मांडणे. कोळसा इतके टक्के, पाणी इतके, अणुशक्ती इतकी, सूर्य आणि वारा मिळून इतके. असे कोष्टक खोटे नसते. परंतु कोळशाला एवढा मोठा वाटा का मिळाला, पाण्याच्या वाट्याला इतके थोडे का आले आणि सूर्य डोक्यावर तळपत असताना रात्रीची काळजी का वाहावी लागते, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात सापडत नाही. ते हवे असेल तर एखादे शहर निवडावे आणि त्यातील दिव्यापासून तारेचा माग काढीत मागे मागे जावे, हे अधिक बरे. या कामाला कलकत्ता फार सोयीचे आहे. (२००१ पासून या शहराचे अधिकृत नाव कोलकाता आहे, येथे जुन्या काळाच्या संदर्भात जुनेच नाव ठेविले आहे.) देशातील वीजपुरवठ्याच्या सर्वांत जुन्या व्यवस्थांपैकी एक येथे आहे. देशाच्या सरकारी कोळसा-उद्योगाची सूत्रे ज्या कोल इंडियाच्या हाती आहेत तिचे मुख्य कार्यालय येथे आहे, दामोदर खोरे महामंडळाचेही येथेच आहे आणि पूर्व भारताच्या विद्युत् जाळ्यावर अहोरात्र नजर ठेवणारे भारप्रेषण केंद्र शहराच्या दक्षिणेस टॉलीगंजमध्ये आहे.

कलकत्त्यात विजेच्या दिव्याचे पहिले प्रात्यक्षिक पी. डब्ल्यू. फ्लुरी आणि कंपनीने २४ जुलै १८७९ रोजी दाखविले. एडिसनचा दिवा जगापुढे येण्याच्या काही महिने आधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८९५ साली, शहराच्या विद्युत् दिवाबत्तीसाठी स्वतंत्र कायदा झाला. ७ जानेवारी १८९७ रोजी किलबर्न आणि कंपनीला, लंडनमध्ये नोंदविल्या जात असलेल्या एका कंपनीचे अभिकर्ते या नात्याने, वीजपुरवठ्याचा परवाना मिळाला. क्षेत्र होते सुमारे साडेपाच चौरस मैल आणि मुदत एकवीस वर्षे. ही कंपनी लवकरच कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन या नावाने ओळखली जाऊ लागली. १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये तिचे पहिले औष्णिक केंद्र चालू झाले. तीन वर्षांनी, १९०२ साली, घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम विजेवर धावू लागली.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वीज येण्यापूर्वी कलकत्त्याचे रस्ते काळोखात नव्हते. ओरिएंटल गॅस कंपनीने १८५७ सालापासून शहरात गॅसचे दिवे लाविले होते, आणि तो गॅस बंद भट्ट्यांत दगडी कोळसा तापवून काढलेला होता. म्हणजे दिवा बदलला तरी इंधन बदलले नाही. पूर्वी कोळसा शहरात येऊन त्याचा गॅस होत असे, आता कोळसा शहरात येऊन त्याची वाफ होऊ लागली.

असे का झाले याचे उत्तर नकाशात आहे. राणीगंजचे कोळसाक्षेत्र कलकत्त्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तेथे कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न १७७४ सालचा. १८३० नंतरच्या दशकात द्वारकानाथ ठाकुरांनी तेथील खाण विकत घेतली आणि १८५५ साली आगगाडी राणीगंजपर्यंत पोचली. शहराला वीज हवीशी वाटली तेव्हा खाण, लोहमार्ग आणि कोळशाचा बाजार ही तिन्ही अंगे आधीच उभी होती. उलट, हे शहर वसले आहे गंगेच्या मुखाजवळच्या सपाट गाळाच्या प्रदेशात, समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच-सहा मीटर उंचीवर. हुगळीत पाणी उदंड आहे, पण ते कोठून खाली पडणार?

पाणी पडण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यापासून किती वीज मिळेल, हे केवळ पाण्याच्या राशीवर अवलंबून नसते. राशी आणि उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर, पाणी शंभर मीटर खाली पडले तर आदर्श स्थितीत त्यापासून ०.२७ युनिट वीज मिळते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, एक हजार वॉटची शेगडी तासभर चालविण्यास लागणारी ऊर्जा.) टर्बाइन आणि जनित्र यांतील नाश वजा करता पदरात पाव युनिट पडते. आता कोळसा पाहू. आपल्याकडील वीजकेंद्रांत जळणारा एक किलो साधारण कोळसा सुमारे ३,७०० किलोकॅलरी उष्णता देतो. एक युनिट विजेची उष्णतेतील किंमत ८६० किलोकॅलरी आहे. परंतु केंद्राची कार्यक्षमता ३६ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे एका युनिटसाठी जवळजवळ २,४०० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे एका युनिटला सुमारे ६५० ग्रॅम कोळसा. शंभर मीटरचा धबधबा असेल तर तेवढ्याच विजेसाठी चार हजार लिटर पाणी लागेल.

मुंबईचे उदाहरण शेजारी ठेविले म्हणजे हा हिशेब बोलू लागतो. मुंबई राणीगंज-झरियाच्या खाणींपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. कोळसा तेथे पोचेपर्यंत महाग होणार. पण सह्याद्रीचा कडा तिच्या पाठीशी उभा आहे. लोणावळ्याच्या परिसरात पावसाळ्यात अडविलेले पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला सोडता येते. तेथे एका घनमीटर पाण्याचे एक युनिटाहून थोडे अधिकच होते. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ साली चालू झाले ते या गणिताच्या बळावर, आणि पुढे भिवपुरी, भिरा व कोयना ही त्याच कड्याची लेकरे. दोन बंदरे, दोन्ही इंग्रजांनी वाढविलेली, दोन्ही गिरण्यांची. एकीने पाण्यावर दिवे लाविले, दुसरीने कोळशावर. याचे श्रेय वा दोष दूरदृष्टीला देण्यापेक्षा भूगोलाला देणे अधिक न्याय्य होईल. बंगालच्या ज्या भागात डोंगर आहे तेथे मात्र पाण्याने कोळशाला मागे टाकिले होते. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १३० किलोवॉटचे जलविद्युत् केंद्र १० नोव्हेंबर १८९७ रोजी चालू झाले, इमामबाग लेनच्या दीड वर्ष आधी.

कोळशाच्या केंद्रात काय घडते? कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. भट्टीच्या भिंतीतून फिरणाऱ्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते, ती आणखी तापवून ५४० अंश सेल्सियसपर्यंत नेतात आणि उच्च दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइन फिरते, त्याच्या आसाला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. येथपर्यंत सर्व सरळ आहे. खरी गोम पुढे आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते, आणि त्यासाठी तिच्यातील उष्णता काढून घेणारे थंड पाणी लागते. ही उष्णता फुकट जाते म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. उष्णतेपासून काम करून घ्यावयाचे तर काही उष्णता थंड वस्तूला द्यावीच लागते, हा निसर्गाचा नियम आहे. साडी कार्नो याने तो १८२४ सालीच ताडला होता. ५४० अंशांची वाफ आणि ४० अंशांचे पाणी यांच्या दरम्यान चालणाऱ्या आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता एकसष्ट टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता याहून कमी तापमानाला द्यावी लागते, घर्षण असते, धुराड्यातून उष्णता निसटते. म्हणून हातात येतात पस्तीस-छत्तीस टक्के. उरलेली जवळजवळ दोनतृतीयांश उष्णता नदीला किंवा आकाशाला जाते.

म्हणूनच कलकत्त्याची केंद्रे हुगळीच्या काठाने ओळीने उभी राहिली. कासीपूर, मुलाजोर, टिटागढ, गार्डन रीच, शहराच्या दक्षिणेस बजबज आणि उत्तरेस बांडेल. नदीच्या पाण्याचे येथे वीज निर्माण करण्याचे काम नव्हतेच. तिचे काम उष्णता वाहून नेण्याचे. २१० मेगावॉटच्या एका संचाला नदीचे पाणी एकदाच फिरवून सोडावयाचे ठरविले तर दर तासाला पंचवीस हजार घनमीटरांच्या वर पाणी लागते आणि ते आठ-नऊ अंशांनी तापून परत जाते. कोळशाच्या विजेला कोळसा लागतो हे सर्वांस ठाऊक असते. तिला नदी लागते हे फारसे कोणी सांगत नाही.

आणि राख? आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. बजबजच्या केंद्राची क्षमता ७५० मेगावॉट आहे. त्यातील दोन संच १९९७ सालापासूनच्या काळातले, तिसरा २०१० सालचा. हे केंद्र पूर्ण भाराने चालले तर वरील हिशेबाने दिवसाकाठी अकरा-बारा हजार टन कोळसा खाईल, म्हणजे मालगाड्यांच्या तीन पूर्ण खेपा, आणि चार हजार टनांच्या आसपास राख मागे ठेवील. धुराबरोबर उडणारी राख स्थिरविद्युत् अवक्षेपकाच्या पट्ट्यांवर खेचून धरता येते. ही युक्ती उत्तम आहे, परंतु ती यंत्रांची निगा राखणाऱ्यांवर अवलंबून आहे. रूपनारायण नदीवरील कोलाघाटच्या केंद्राभोवतालचे शेतकरी आणि फुलांचे मळे करणारे वर्षानुवर्षे राखेविषयी तक्रार करीत आले, ती उगीच नव्हे. राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती मिसळता येते. तरीही तळी भरत राहतात. धुराड्यातून जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड तर डोळ्यांना दिसतही नाही. एका युनिटमागे तो एक किलोच्या जवळपास असतो.

प्रारंभीची वीज एकदिश प्रवाहाची होती. कमी दाबाचा हा प्रवाह तारेतून फार लांब नेला तर वाटेतच त्याची उष्णता होऊन जाते, म्हणून केंद्र ग्राहकाच्या घराजवळ, गल्लीत असावे लागे. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने हवा तसा चढविता-उतरविता येतो. दाब दसपट केला की तीच शक्ती नेताना तारेतील नाश शंभरपटीने घटतो. हे साध्य झाल्यावर केंद्र गल्लीतून नदीकाठी गेले, नदीकाठावरून खाणीच्या तोंडाशी गेले. कोळसा वाहून आणण्याऐवजी वीज वाहून आणता येऊ लागली. शहराचा धूर कमी झाला, याबद्दल शहराने आनंद मानणे स्वाभाविक आहे. तो धूर नाहीसा झाला नव्हता, त्याने केवळ जिल्हा बदलला होता.

दामोदर नदीची कथा या ठिकाणी सुरू होते. छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावणारी ही नदी कोळशाच्या प्रदेशातून वाहत बंगालच्या मैदानात उतरते, आणि पुरांमुळे तिला बंगालचा शोक म्हणत असत. १९४३ सालच्या पुराने रेल्वे आणि मोठा रस्ता तोडला; युद्ध आणि दुष्काळ यांच्या ऐन काळात कलकत्त्याचा उत्तरेशी असलेला संबंध कित्येक आठवडे विस्कळीत झाला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी नदीच्या समग्र विकासाचा आग्रह आधीपासून धरला होता आणि अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचे उदाहरण ते पुढे ठेवीत. त्याच टेनेसी प्राधिकरणातील अभियंते डब्ल्यू. एल. वुरडुइन यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या आराखड्यात दहा लक्ष क्युसेकचा पूर सामावून घेण्यासाठी आठ धरणे होती. ७ जुलै १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे होण्याआधी, दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

आठांपैकी चार धरणे बांधली गेली: तिलैया १९५३ साली, कोनार १९५५, मैथन १९५७ आणि पंचेत १९५९ साली. मैथनचे वीजगृह नदीच्या डाव्या तीरावर जमिनीखाली खोदलेले आहे. असे असूनही तीन धरणांवरच्या सर्व जलविद्युत् संचांची बेरीज आजही दीडशे मेगावॉटच्या आतच भरते. महामंडळाच्या औष्णिक केंद्रांची क्षमता मात्र सहा हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. नदीच्या नावाने जन्मलेली संस्था कोळसा जाळणारी संस्था झाली, हे कसे?

एक कारण त्या कल्पनेच्या पोटातच होते. पूर अडविण्यासाठी बांधलेले धरण पावसाळा सुरू होताना रिकामे असले पाहिजे. पुराचे पाणी मावणार ते मोकळ्या जागेत. विजेसाठी बांधलेले धरण जितके भरलेले तितके चांगले, कारण पाण्याची उंची म्हणजेच शक्ती. कालव्याला पाणी हवे असते पिकाच्या वेळी, वीजगृहाला हवे असते संध्याकाळी. एकाच जलाशयाला हे तिन्ही धनी आणि त्यांच्या आज्ञा परस्परविरोधी. अशा वेळी कोणाचे ऐकावयाचे हे अभियंता ठरवीत नाही, सरकारे ठरवितात. आणि पूर व सिंचन यांचा आवाज विजेच्या आवाजापेक्षा मोठा होता. शिवाय ही पावसाळी नदी आहे. तिचे बहुतेक पाणी चार महिन्यांत वाहून जाते. कोळसा मात्र धरणांच्या सभोवार जमिनीतच होता. महामंडळाचे बोकारो येथील औष्णिक केंद्र १९५३ सालीच, म्हणजे तिलैयाच्या बरोबरीने, चालू झाले होते. पुढे दुर्गापूर, चंद्रपुरा आणि इतर केंद्रे आली. ही वीज कलकत्त्यालाही मिळू लागली.

६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाचे उद्घाटन झाले तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी कळ दाबण्याचा मान बांधकामावर मजुरी करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ तरुणीला दिला. तिनेच नेहरूंना हार घातला होता. तिच्या समाजाने हार घालणे हा विवाह मानून तिला वाळीत टाकिले. या प्रसंगाची आठवण नेहमी एक विचित्र हकीकत म्हणून सांगितली जाते. परंतु जलाशयांखाली ज्या गावांची शेते गेली तेथील हजारो कुटुंबांचा वनवास कोणत्याही समारंभाविना झाला, आणि तारा त्यांच्या डोक्यावरून शहरांकडे गेल्या.

सत्तरीच्या दशकात आणि ऐंशीच्या दशकाच्या बऱ्याच भागात कलकत्ता अंधारात राहावयास शिकले. लोडशेडिंग हा इंग्रजी शब्द बंगाली घरांत भाताइतका नित्याचा झाला. याचा दोष केवळ वीजकेंद्रांच्या अपुऱ्या संख्येवर ढकलला जातो, तो मला अपुरा वाटतो. नवी केंद्रे ठरल्याहून उशिरा उभी राहिली हे खरेच. पण जी उभी होती तीही पूर्ण शक्तीने चालत नव्हती. बांडेलचे केंद्र १९६५ सालचे, सांतालदीचे १२० मेगावॉटचे संच १९७४ पासूनचे. त्यांत बिघाड वारंवार होत. बाष्पकाची नळी फुटली की संच बंद, दुरुस्तीला सुटा भाग नाही, तोवर दुसऱ्या संचावर भार आणि मग तोही थकणार. कोळशात दगड-माती अधिक येई, दळणयंत्रे झिजत. देखभालीसाठी संच नियमाने बंद ठेवावयाचा तर मागणी तो बंद ठेवू देईना. आणि न ठेविल्यास तो आपण होऊन बंद पडे. हे दुष्टचक्र वीस वर्षे फिरले. सत्तरीच्या अखेरीस कसबा आणि हल्दिया येथे तेलावर चालणारी लहान गॅस टर्बाइने बसविली गेली. ती काही मिनिटांत चालू होतात, हा त्यांचा गुण. तेल पितात, हा दोष. हावड्याच्या लहान कारखान्यांतील चरखे दिवसातून कितीदा थांबत, विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या उजेडात कसा करीत, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही. कलकत्त्याची भुयारी रेल्वे ऑक्टोबर १९८४ मध्ये सुरू झाली ती याच काळात. भूगर्भातील गाडीला वीज अखंड लागते, वर काहीही असो.

सुटका हळूहळू आणि अनेक वाटांनी झाली. कोलाघाटचे २१० मेगावॉटचे सहा संच १९८४ पासून पुढील दहाएक वर्षांत आले. गंगेवर फराक्का येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत् निगमाचे केंद्र १९८६ साली सुरू झाले. बक्रेश्वर १९९९ साली. भूतानमधील चुखा येथील ३३६ मेगावॉटची वीज १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर बंगालमार्गे येऊ लागली. हिमालयाचे पाणी अशा रीतीने शेवटी कलकत्त्यापर्यंत पोचले, पण परक्या देशातून आणि तारेच्या रूपाने.

तारा जसजशा लांबल्या तसतसे देशातील प्रदेश एकमेकांस बांधले गेले. पूर्व आणि ईशान्य जाळी १९९१ मध्ये, त्यांना पश्चिम जाळे २००३ मध्ये, उत्तर जाळे २००६ मध्ये आणि अखेर ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण जाळे जोडले गेले. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सर्व जनित्रे एकाच तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी फिरतात. वीज साठवून ठेविलेली नसते. ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली तर सर्व जनित्रे किंचित मंदावतात, कंप्रता पन्नासच्या खाली उतरते. टॉलीगंजच्या भारप्रेषण केंद्रातील माणसे पाहतात ती ही संख्या. ४९.९ आणि ५०.०५ यांच्या दरम्यान ती राहिली तर सर्व ठीक.

एकत्र बांधले जाण्याची दुसरी बाजू ३१ जुलै २०१२ रोजी दिसली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी एकदम कोसळली; साठ कोटींच्या आसपास लोकांच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. कलकत्त्याच्या जुन्या कंपनीचे क्षेत्र मात्र वेळीच जाळ्यापासून तुटले आणि आपल्या केंद्रांवर एखाद्या बेटासारखे उजळत राहिले. त्याच दिवशी बर्दवान आणि धनबादकडच्या खाणींत उद्वाहक बंद पडून शेकडो खाणकामगार जमिनीखाली अडकले. पुढे त्यांना सुखरूप वर आणण्यात आले.

कोळशाखेरीजच्या वाटांविषयी बंगालचा अनुभव मिश्र आहे. अणुशक्तीसाठी पूर्व मेदिनीपूरच्या किनाऱ्यावरील हरिपूर निवडले गेले होते. मच्छीमार आणि शेतकरी यांनी विरोध केला आणि २०११ साली राज्य सरकारने तो प्रकल्प नाकारला. वाऱ्याला या किनाऱ्यावर साताऱ्याच्या पठारासारखा जोर नाही. सूर्यप्रकाश आहे, आणि त्याचा उपयोग आधी झाला तो शहरासाठी नव्हे तर सुंदरबनाच्या बेटांसाठी, जेथे नद्यांची रुंद पात्रे ओलांडून तार नेणे दुष्कर होते. १९९०च्या दशकात सागर बेटावर सौर घटांची लहान केंद्रे उभी राहिली आणि गोसाबा येथे लाकूड तापवून निघणाऱ्या वायूवर चालणारे ५०० किलोवॉटचे केंद्र. संध्याकाळचे काही तास दिवे, एवढेच त्यांचे देणे. परंतु ज्या दुकानदाराने तोवर रॉकेलशिवाय काही पाहिले नव्हते त्याला ते थोडे वाटले नसावे. जाळ्याला जोडलेले देशातील आरंभीचे मोठे सौर केंद्र २००९ साली उभे राहिले तेही बंगालमध्ये, आसनसोलजवळ जामुरिया येथे, ऐन कोळशाच्या मुलखात. उत्तरेस तीस्ता नदीवर पश्चिम बंगालमध्ये दोन जलविद्युत् केंद्रे झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि वरच्या अंगाचे चुंगथांग येथील, १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण काही क्षणांत वाहून गेले. हिमालयाच्या पाण्याला उंची आहे; स्थैर्य तितके नाही.

२०२५ सालच्या जूनअखेर भारतातील स्थापित विद्युत् क्षमतेपैकी निम्मी जीवाश्म इंधनांवाचून चालणारी झाली. १९४७ साली देशाची एकूण क्षमताच १,३६२ मेगावॉट होती, हे लक्षात घेता ही मोठी मजल आहे. तथापि क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. एक किलोवॉटची सौर पट्टी वर्षभरात सरासरीने दिवसाला चार युनिटे देते. एक किलोवॉटचे कोळशाचे केंद्र, नीट चालविल्यास, त्याच्या चौपट देऊ शकते. म्हणून प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. पट्टी वीज देते ती दुपारी. कलकत्त्याला ती सर्वाधिक हवी असते दिवेलागणीनंतर, उन्हाळ्याच्या दमट रात्री, जेव्हा वातानुकूलन यंत्रे आणि पंखे एकदम चालू होतात.

या अडचणीवरील जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय पुरुलिया जिल्ह्यात, अयोध्या डोंगरावर आहे. दोन जलाशय, एक वर, एक खाली. वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे. टंचाई असते तेव्हा ते खाली सोडून तीच यंत्रे उलटी फिरवावयाची. महाराष्ट्रात घाटघरला हेच होते. पुरुलियाचे २२५ मेगावॉटचे चार संच २००७-०८ मध्ये चालू झाले. चार युनिटे खर्च करावी तेव्हा तीन परत मिळतात. म्हणजे हे वीज निर्माण करणारे केंद्र नाहीच, ते वीज खाते. परंतु दुपारची वीज संध्याकाळी देण्याचे मोल त्या एका युनिटापेक्षा पुष्कळ अधिक आहे. आरंभी येथे पाणी चढत असे ते रात्रीच्या शिल्लक औष्णिक विजेवर. सूर्याची वीज वाढली की ते काम दुपारीही करता येते. त्याच डोंगरात तुर्गा येथे १,००० मेगावॉटचा आणखी एक असाच प्रकल्प आखला गेला. त्यासाठी जंगल तोडावे लागणार होते, आणि तेथील आदिवासी गावांनी ग्रामसभेची संमती रीतसर घेतली गेली नाही असे म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाचे दार ठोठावले.